उणे पंधरा-वीसमध्ये निघण्याआधी इलेक्ट्रिक गाडी तापवून ठेवायची का? त्यात किती युनिट जातात?

लिलस्ट्रमकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण घरातल्या सगळ्यांना घेऊन जायचंय म्हणून सविस्तर सांगतो. आम्ही नॉर्वेत ओस्लोजवळ लिलस्ट्रमला राहतो. फेब्रुवारीत आठव्या आठवड्यात इथे हिवाळी सुट्टी असते, तेव्हा त्रिसिलला डोंगरात ह्युत्ता घेतलाय, म्हणजे लाकडी घर, चार दिवसांसाठी. अंतर दोनशे किमीच्या आसपास, ई-६ ने कोलोमोएनपर्यंत, मग रस्ता ३ धरून एल्वेरुम आणि तिथून पुढे त्रिसिल. गाडीची बॅटरी ६४ युनिटची, हीट पंप आहे, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब आत घेऊन कमी विजेत गाडी तापवणारं यंत्र, बॅटरी गरम करायची सोय पण आहे. गाडीत मी, बायको, साडेतीन वर्षांची लेक आणि यंदा साताऱ्याहून आलेली आई.

मागच्या वर्षी हाच प्रवास केला तेव्हा जाताना काही वाटलं नाही, पण परत येताना हाल झाले. गाडी तीन रात्री बाहेर बर्फात उभी होती, प्लग नव्हता, सकाळी उणे २१. निघाल्यावर उतारावर पाय उचलला की गाडी जी स्वतःहून आवरते ती आवरतच नव्हती, ब्रेक मारावा लागत होता, आणि एल्वेरुमला पोचून फास्ट चार्जरला लावली तर दीडशेच्या मशीनवर ३८ किलोवॅट. पन्नास मिनिटं बसलो तिथे. लेक रडून रडून झोपली.

आता ॲपमध्ये निघायची वेळ टाकून गाडी आधी तापवायची सोय आहे. पण ऑफिसातला एक जण म्हणतो की त्यात जेवढी वीज जाते तेवढी वाचतच नाही, नुसता बॅटरीला भुर्दंड. दुसरा म्हणतो बॅटरी न तापवता निघालास तर बॅटरीचं आयुष्य कमी होतं. दोघंही छातीठोकपणे सांगतात. मला कळत नाहीये कुणाचं ऐकू. आणि घरी वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, आहे ते ठीक, पण ह्युत्त्यावर प्लग नसेल तर बॅटरीतलीच वीज जाळून तापवायची का? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.

डोव्रे_ओलांडून

मी ट्रॉन्डहाइमला असतो, हिवाळ्यात ओस्लोला चार-पाच खेपा होतात, डोव्रेफ्येलच्या डोंगरावरून. तुमचे दोन्ही मित्र अर्धं अर्धं बरोबर आहेत कारण दोघं वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतायत. गाडी तापवणं म्हणजे एक काम नाही, दोन आहेत. एक आतली केबिन तापवणं आणि दुसरं बॅटरी तापवणं. खर्च दोघांचा अगदी वेगळा, फायदा पण वेगळा.

केबिनचं आधी सांगतो. आतली हवा तापवायला म्हणाल तर जवळजवळ काहीच लागत नाही, चार किलो हवा असते सगळी मिळून. वीज जाते ती सीट, डॅशबोर्ड, काचा आणि पत्रा तापवण्यात. साधा हीटर पहिली दहा मिनिटं ५ किलोवॅट ओढतो, मग दोनवर येतो, म्हणजे वीस मिनिटांत सव्वा युनिट धरा. हीट पंप असेल तर अजून कमी, पण खूप थंडीत त्याचाही जोर ओसरतो. आणि ही वीज निघाल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत तशीही जाणारच असते! तुम्ही फक्त ती बॅटरीऐवजी भिंतीतून घेताय.

बॅटरीचं मात्र जड प्रकरण आहे. ज्यांनी लहानपणी तांब्याचा बंब पेटवलाय त्यांना लगेच कळेल, भरलेला बंब दहा मिनिटांत तापत नाही, पण तापला की दोन तास गरम राहतो. तुमची बॅटरी साधारण साडेचारशे किलोची असणार. सेलची उष्णता धरून ठेवायची क्षमता किलोमागे अंशाला साधारण १ किलोज्यूल, म्हणजे आख्खी बॅटरी एक अंश चढवायला ४५० किलोज्यूल, म्हणजे एक अष्टमांश युनिट. उणे १५ वरून अधिक १० वर आणायची तर २५ अंश, तीन युनिटच्या वर, आणि वाटेत वाया जाते ती धरली तर साडेतीन-चार. ६४ मधले चार म्हणजे सहा टक्के. तो हीटर २ किलोवॅटचा असेल तर दोन तास लागतील, पाच-सहाचा असेल तर पाऊण तास. म्हणून निघायच्या दहा मिनिटं आधी ॲपमध्ये बटण दाबून 'बॅटरी तापवली' असं जे वाटतं ते तसं नसतं, तेवढ्यात केबिनच तापते.

तर घरून निघताना दोन्ही करा, वॉलबॉक्सवर. पाच युनिट जातील. घरी मला सध्या वीज आणि नेटलाये, म्हणजे तारांचं भाडं, मिळून युनिटला एक क्रोनच्या आसपास पडते. तेच पाच युनिट रस्त्यावर फास्ट चार्जरला घ्यायचे तर मी मागच्या खेपेला युनिटला पाच क्रोनच्या वर दिलेत. त्यामुळे 'भुर्दंड' हा शब्द घरच्या प्लगला लागू होत नाही.

एकच सांभाळा. २०२२ च्या जुलैपासून नेटलायेचा ठरलेला भाग महिन्यातल्या सगळ्यात जास्त वापराच्या तासांवर ठरतो, बहुतेक ठिकाणी तीन वेगळ्या दिवसांतल्या तीन तासांची सरासरी धरतात. सकाळी गाडी तापतीये, त्याच वेळी गीझर, ओव्हन आणि जमिनीखालचं हीटिंग सगळं चालू, असं झालं तर वरच्या पायरीत जाता. आमच्याकडे आंघोळी आदल्या रात्री उरकतात त्या दिवशी.

मॉन्ट्रियलची_माई

मी थोडं वेगळं सांगते. डोव्रेदादांचा हिशोब बरोबर आहे, पण तो लांबच्या प्रवासाचा आहे आणि लोक तो वाचून रोज सकाळी बॅटरी तापवायला लागतात. आमच्याकडे मॉन्ट्रियलला जानेवारीत उणे २० नवीन नाही. माझं ऑफिस सहा किमी. सहा किमी जायला मला दीड युनिट लागतं आणि गाडी मात्र बॅटरी तापवायला तीन-साडेतीन खात होती, रोज, आणि संध्याकाळी गाडी पुन्हा गार, पुन्हा तापव! दोन महिने मी हे बघितलं आणि मग सोमवार ते शुक्रवार बॅटरीचं बंद केलं. फक्त केबिन, दहा मिनिटं. सीट आणि स्टिअरिंगचा हीटर लावते, सीटचा हीटर शंभर वॅटच्या आत असतो, सगळी गाडी गरम करण्यापेक्षा माणूस गरम केलेला बरा.

पण केबिन मात्र तुम्ही तापवाच आणि ते वीज वाचवायला म्हणून नाही, लेकीसाठी. जाड फुगीर जॅकेट घालून पोराला कार सीटमध्ये बांधायचं नसतं. पट्टा घट्ट दिसतो, पण तो जॅकेटच्या कापसावर घट्ट असतो, अंगावर नाही, आणि धडक बसली की ते जॅकेट दबतं आणि पट्टा चार बोटं सैल होतो. आमच्या नर्सने बाळ घरी नेतानाच दाखवलं होतं, जॅकेटसकट पट्टा आवळला, मग पट्ट्याची लांबी न बदलता जॅकेट काढून पुन्हा बांधलं, तर मध्ये माझी मूठ जात होती. तेव्हापासून गाडी आधी गरम, मग पोर पातळ स्वेटरवर आत, बांधून झालं की वरून पांघरूण. गाडी गार असेल तर कुठलीच आई जॅकेट काढत नाही हो, म्हणून सांगते. हा एक युनिटचा खर्च मी कधीच मोजत नाही.

आणि आईंसाठी गुडघ्यावर घ्यायला एक शाल गाडीतच ठेवा, पाय शेवटी गरम होतात.

लिलस्ट्रमकर

माई, हे जॅकेटचं मला खरंच माहीत नव्हतं. आजच मुठीचा प्रयोग करून बघितला. तुमच्यासारखंच झालं, मूठ गेली. बायको आणि मी दोघंही गप्प झालो एक मिनिट. खूप आभार.

डोव्रेदादा, हिशोब वहीत उतरवून घेतला. फक्त परतीचं अजून सुटलं नाही, प्लग नसताना काय?

गारसेल

मी बॅटरीच्या सेलवरच काम करते, त्यामुळे आयुष्याचा जो मुद्दा आहे त्यावर लिहिते, कारण त्यात फार घोळ असतो.

गार बॅटरी *वापरली* म्हणजे चालवली तर ती खराब होत नाही. आतला द्रव घट्ट होतो, आयन हळू सरकतात, अंतर्गत रोध वाढतो, म्हणून ताकद कमी मिळते आणि काही टक्के वीज असूनही काढता येत नाही. गरम झाली की ती परत मिळते. कायमचं नुकसान होतं ते गार बॅटरी *जोरात चार्ज* केली तर. लिथियमला ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरायला वेळ मिळत नाही, मग ते बाहेरच धातू म्हणून साचतं, आणि त्यातलं सगळं परत वापरात येत नाही. म्हणून गाडी स्वतःच चार्जिंग आवळून धरते. तुम्हाला एल्वेरुमला ३८ किलोवॅट मिळाले ते मशीन खराब म्हणून नाही, गाडी बॅटरीला जपत होती. आणि उतारावर गाडी आवरत नव्हती ते पण हेच, कारण तेव्हा मोटर बॅटरीत वीज ढकलत असते, ते पण चार्जिंगच. त्यामुळे दुसऱ्या मित्राला सांगा की न तापवता निघालात तर बॅटरी मरत नाही. निर्धास्त निघा. फक्त उतारावर पहिले काही किमी ब्रेकवर पाय ठेवून चला, विशेषतः रस्त्यावर बर्फ असताना, कारण रोजची सवय वेगळी असते आणि पाय चुकतो.

आता प्लग नसताना. तेव्हा बॅटरीतली वीज जाळून बॅटरी उभ्या उभ्या तापवण्यात अर्थ नाही. चार युनिट घालवून तुम्ही जे वाचवाल ते चारपेक्षा कमीच असेल. केबिन दहा-बारा मिनिटं तापवा, काचा मोकळ्या होतात, मुलगी नीट बसते, बास. मात्र एल्वेरुमला फास्ट चार्ज करायचंच असेल तर गोष्ट बदलते. निघताना नेव्हिगेशनमध्ये घर नका टाकू, तो चार्जर टाका. ज्या गाड्यांत सोय आहे त्या मग चालता चालता बॅटरी तापवतात. चालताना बॅटरी आतूनही थोडी गरम होत असतेच, त्याची मदत होते. त्रिसिल ते एल्वेरुम सत्तर किमी आहे, पुरेसं अंतर आहे. यात तीन युनिट गेले तरी अर्धा तास वाचतो. पण तुमच्या गाडीत बॅटरी किती टक्क्यांच्या खाली असेल तर हे आपोआप बंद होतं ते पुस्तकात बघून घ्या. माझ्या गाडीत २० च्या खाली चालूच होत नाही.

घरून निघताना आणखी एक. चार्जिंग रात्री दहाला संपवून गाडी सकाळपर्यंत गार होऊ देऊ नका. चार्जिंगच निघायच्या वेळेला संपेल असं लावा. त्यात जी थोडी उष्णता तयार होते ती फुकटची असते.

कोथरूड_ते_कोकण

छान चर्चा चालू आहे, मध्येच विचारतो. आमच्याकडे पुण्यात पण हल्ली डिसेंबरात सकाळी आठ-दहा अंश असतं, मी पहाटे पाचला निघतो चिपळूणला. माझ्या गाडीत पण लांबून एसी चालू करता येतो. आम्ही पण काही तापवायला हवं का?

गारसेल

दादा, नाही. आठ-दहा अंशांत फार तर पहिले काही किमी गाडी आवरताना जोर कमी वाटेल, घाट लागेपर्यंत बॅटरी रुळलेली असेल. तुम्हाला हीच युक्ती मे महिन्यात उलटी कामाला येईल. उन्हात तापलेली गाडी प्लगला लावलेली असतानाच एसीने गार करून घ्या, सुरुवातीचा जो मोठा ओढा असतो तो भिंतीवर जातो.

डोव्रे_ओलांडून

एक खुलासा माझ्याकडून, कारण लिलस्ट्रमकरांनी फार आशा ठेवू नये. सगळं तापवून निघालात तरी उन्हाळ्याची रेंज मिळणार नाही. उणे १५ ची हवा अधिक २० च्या हवेपेक्षा १३ टक्क्यांहून जास्त जड असते, तेवढा जास्त वारा गाडीला कापावा लागतो. शिवाय हिवाळी टायर, रस्त्यावरचा बर्फ, आणि केबिन गरम *ठेवायला* लागणारे दीड-दोन किलोवॅट तीन तास. आधी तापवून सुरुवातीचा खड्डा भरतो, पुढचं सगळं असतंच. नाफ, म्हणजे इथली वाहनचालकांची संघटना, दर हिवाळ्यात गाड्या बॅटरी संपून थांबेपर्यंत चालवून बघते, ते आकडे बघा, कागदावरच्या रेंजपेक्षा बरेच खाली असतात. मी डोव्रेवर कागदाच्या दोन-तृतीयांश धरून चालतो आणि त्यातही डोंगराच्या पायथ्याच्या दोम्बास गावी थांबतोच, कारण वर वादळ आलं आणि रस्ता बंद होऊन ताफ्याने न्यायला लागले तर तासन्‌तास आत बसायला लागतं आणि तेव्हा हीटर चालायला हवा.

ह्युत्त्याच्या मालकाला मात्र एकदा विचारा. पुष्कळ ठिकाणी बाहेर इंजिन तापवायचा जुना सॉकेट असतो. साध्या सॉकेटवर रोज गाडी चार्ज करायची इथे शिफारस नाही, त्यामुळे न विचारता खिडकीतून एक्स्टेन्शन टाकू नका, लाकडी घर आहे. त्याला स्वतंत्र लाइन आहे का आणि किती अँपिअरची, हे मालकाकडून कळलं तरच. आणि लक्षात ठेवा, दहा अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट, हीटर पाच ओढत असेल तर उरलेली वीज बॅटरीतूनच जाणार. तिथे तापवायचा वेळ जास्त द्या.

लिलस्ट्रमकर

परवा रात्री परत आलो, आता आकडे देतो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत.

जाताना घरी उणे १४. चार्जिंग साडेसातला संपेल असं लावलं होतं आणि साडेसातच निघायची वेळ टाकली. वॉलबॉक्सच्या ॲपने शेवटच्या तासाभरात तापवण्यापोटी साधारण पाच युनिट दाखवले, म्हणजे डोव्रेदादांच्या हिशोबाशी जुळतं. लेक पातळ स्वेटरवर बसली, वरून आजीची गोधडी. आई गाडीत बसली आणि म्हणाली, अरे ही तर घरापेक्षा उबदार आहे. काच आधीच वितळलेली, खरवडायचं फावडं हातात घेतलंच नाही. पहिल्या उतारापासून गाडी नेहमीसारखी आवरत होती, मला सगळ्यात जास्त बरं याचंच वाटलं. शंभरने निघालो, त्रिसिलला २९ टक्के. १९८ किमीला साडेपंचेचाळीस युनिट. मागच्या वर्षी २२ उरले होते, पण तेव्हा उणे १८ होतं आणि समोरून वारा होता, त्यामुळे सातच्या सात टक्के तापवण्याचे असं मी म्हणणार नाही.

मालकाला आधीच मेसेज केला होता. त्याने सांगितलं की पार्किंगच्या भिंतीवर सॉकेट आहे, स्वतंत्र लाइन, दहा अँपिअर, पण आठच्या वर लावू नका. आठवर लावली. अख्ख्या रात्रीत सुद्धा फार चढत नव्हतं, बाहेर उणे २० म्हणजे बरीचशी वीज बॅटरी ऊबदार ठेवण्यात जात असावी, पण दोन रात्रींत ६० च्या वर आली. तिसऱ्या रात्री तापवायची वेळ निघायच्या दीड तास आधीची दिली.

निघताना एक अडचण झाली. प्लग निघेचना. रात्री बर्फ पडून प्लगच्या वरच्या खाचेत गोठला होता, ॲप म्हणतंय उघडलं, आतून 'टक' असा आवाज पण येतोय, पण प्लग जागचा हलत नाही. मी ओढायला लागलो तर आई म्हणाली, थांब, ओढू नको. आत गेली आणि गुडघ्याला शेकायची रबरी पिशवी गरम पाणी भरून घेऊन आली, टॉवेलात गुंडाळून प्लगवर धरली. तीन मिनिटांत कडेने पाणी ओघळलं आणि पुन्हा ॲपमधून उघडल्यावर अलगद निघाला.

नेव्हिगेशनला एल्वेरुमचा चार्जर टाकला. साधारण वीस किमीनंतर स्क्रीनवर बॅटरी गरम होत असल्याचं चिन्ह आलं. त्याच चार्जरवर यंदा ८४ किलोवॅट मिळाले आणि बावीस मिनिटांत निघालो, लेक जागीच होती आणि आजीबरोबर बर्फातल्या खारीची गोष्ट चालू होती.

गारसेल ताई, प्लग गोठू नये म्हणून काही उपाय आहे का?

गारसेल

आईंनी अगदी योग्य केलं, ओढलं असतं तर आतली खिटी वाकते आणि मग सॉकेटच बदलावा लागतो. उघडं गरम पाणी मात्र कधी ओतू नका, तेच पुन्हा गोठतं. झडप उघडी राहते तिथूनच बर्फ शिरतो, त्यामुळे प्लगवरून बसणारं चुंबकाचं कापडी कव्हर मिळतं ते घ्या, आणि ते नसेल त्या दिवशी जाड प्लास्टिकची पिशवी वरून घालून कडा झडपेच्या खाली खोचल्या तरी चालतं. प्लग लावायच्या आधी खाच कोरड्या फडक्याने पुसायची, ओल तिथेच असते.